गादीच्या कापडाची टीम

आमच्या घरात माणसं चार आणि गाद्या मात्र एखाद्या लग्नाचं वऱ्हाड उतरलं तरी पुरतील एवढ्या. दिवाणावर गादी, दिवाणाखाली गादी, माळ्यावर सुतळीनं बांधलेल्या गुंडाळ्या, मागच्या खोलीत गव्हाच्या कोठीशेजारी भिंतीला टेकून उभ्या केलेल्या आणखी. बायको आधी चिडायची. आता नुसती हसते, आणि ते जास्त लागतं. "यांच्या दोस्ताचं दुकान आपल्याच घरावर चालून राह्यलं," असं ती शेजारणीला सांगते. तिला वाटतं मी दोस्तीखातर गाद्या घेतो. खरं कारण मी तिला अजून सांगितलेलं नाही.

चिखलीत बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, माझ्या दोस्ताचं गादीचं दुकान. त्याचे वडील पिंजारी. खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी टाकून ते पार मेहकरापर्यंतच्या गावांत फिरायचे, लोकांच्या अंगणात बसून जुन्या गाद्यांची रुई पिंजून द्यायचे. दोस्तानं मशीन घेतली, दुकान थाटलं. आम्ही चौथीपासून एका बाकावर बसलो. त्याच्या घरचा ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे यायचा, आमचा दिवाळीचा फराळ त्याच्याकडे जायचा. एकमेकांना हाक मारताना आम्ही नाव वापरल्याचं मला आठवत नाही. "काय बे" एवढ्यात भागायचं.

फुटबॉलशी आमच्या गावाचा संबंध काय, असं कोणीही विचारेल. काहीच नाही. आमच्या शाळेत एकच चेंडू होता आणि तो व्हॉलीबॉलचा होता. आम्ही तोच लाथांनी तुडवायचो आणि सरांचा मार खायचो. पण एका सरकी व्यापाऱ्याच्या घरी टीव्ही आला, ब्लॅक अँड व्हाईट, आणि एका वर्ल्डकपला गल्लीतली सगळी पोरं त्यांच्या ओसरीवर दाटीवाटीनं बसली. पडद्यावर उभ्या पट्ट्यांचे शर्ट घातलेले खेळाडू पळत आले आणि माझा दोस्त ताडकन उभा राहिला. "अबे, हे त आमच्या गादीचं कापड हाये!"

सगळे हसले. पण तो हटून बसला. त्याच्या वडिलांकडे गादीच्या कापडाचा तागा होता, पांढऱ्यावर फिक्या निळ्या पट्ट्यांचा. टीव्हीवर सगळंच करडं दिसत होतं, तरी हे पट्टे निळेच आहेत असं तो छातीठोक सांगत राहिला. पुढं कधीतरी पेपरात रंगीत फोटो आला आणि पट्टे निळे निघाले. तो दिवसभर तो फोटो खिशात घेऊन फिरला. त्या दिवसापासून अर्जेंटिना त्याची झाली, आणि त्याची म्हणून माझी. माझं प्रेम उसनं होतं, हे मी आधीच सांगून टाकतो. त्याचं अस्सल होतं.

कतारचा वर्ल्डकप आला तेव्हा आम्ही दोघंही पन्नाशीला टेकलो होतो. त्यानं घरचा टीव्ही दुकानात आणून पिंजायच्या मशीनच्या वर फळी ठोकून बसवला. दिवस थंडीचे, कापसाचे, लग्नसराईचे, त्याच्या धंद्याचा ऐन हंगाम. तरी दुपारची मॅच असली की मशीन बंद. दुकानात बसायचा रिवाज ठरलेला होता. भिंतीकडच्या तयार गाद्यांच्या थप्पीवर अर्जेंटिनावाले बसणार, बाकी दुनियेनं समोरच्या लाकडी बाकावर बसायचं. थप्पीवर आम्ही दोघंच होतो. बाकावर ब्राझीलचे कट्टर भक्त असलेले एसटीचे रिटायर कंडक्टर काका, पोर्तुगालसाठी जीव टाकणारा शेजारचा मोबाईलवाला, आणि वारा येईल तशी टीम बदलणारी दोन-तीन गिऱ्हाइकं.

भांडणं अशी व्हायची की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, इथं वाटणीचा वाद चाललाय. काका म्हणायचे, ब्राझीलचं पोरगं पाळण्यातच चेंडू खेळतं. दोस्त म्हणायचा, "पाळन्यातच खेळते काका, मैदानात आलं का झोपते." काका चिडून तोंडातला तंबाखू थुंकायला बाहेर जायचे आणि परत येऊन नव्यानं सुरुवात करायचे. मोबाईलवाला मधे पोर्तुगालचं काही बोलला की दोघं मिळून त्याला गप्प करायचे. ज्या देशांत आमच्यापैकी कोणी पाय ठेवला नाही आणि ठेवणारही नाही, त्यांच्यासाठी आम्ही एकमेकांची आई-बहीण काढायची तेवढी बाकी ठेवली होती. खरं सांगतो, वर्ल्डकपचे ते दिवस मला दिवाळीपेक्षा आवडायचे.

अर्जेंटिनाची पहिली मॅच सौदी अरेबियाशी होती, दुपारची. कोणालाच काळजी नव्हती. दोस्तानं सकाळीच पट्ट्यांच्या कापडाचा लांब तुकडा कापून, मधे पिवळ्या चिंधीचा सूर्य शिवून दुकानाच्या पत्र्याला लावला होता. पहिल्या अर्ध्यात पेनल्टीवर गोल झाला. त्यानंतर अर्जेंटिनानं चेंडू जाळ्यात टाकावा आणि पंचांनी ऑफसाइड म्हणून तो रद्द करावा, असं पुन्हा पुन्हा झालं. काका खूश होत होते. दुसऱ्या अर्ध्यात सौदीनं बघता बघता दोन गोल केले, आणि मग आम्ही शेवटपर्यंत थप्पीवर गाद्यांचे कोपरे मुठीत धरून बसलो. अर्जेंटिना हरली.

माझं डोकं तापलं होतं. बाकावर काका टाळ्या पिटत होते, मोबाईलवाला खिदळत होता, माझ्या दुकानापुढं गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. मी शेजारी पाहिलं, तर दोस्ताच्या डोळ्यांत पाणी. पन्नाशीचा माणूस, दाढीत रुईचे तंतू अडकलेले, आणि डोळे भरलेले. मला त्याच्यावरच राग आला. का आला, हे मी नंतर फार वेळा स्वतःला विचारलं. हरल्याचा राग कुठंतरी ठेवायचा होता आणि तो सगळ्यात जवळ बसला होता, एवढंच उत्तर मिळतं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुले काऊन रडू येऊन राह्यलं बे? इकडून हारला त तिकडून जितला. तुह्या घरचेच त जितले."

आधी काका हसले, मग मोबाईलवाला हसला, गिऱ्हाइकं हसली. दोस्तानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. अंधारात ओळखीच्या माणसाचा चेहरा नीट दिसेना झाला की आपण डोळे बारीक करतो, तसं त्यानं पाहिलं. मग तोही हसला. "हाव न," तो म्हणाला, "आपलं दोन्हीकडून चांगलं हाये." आणि उठून त्यानं मशीन सुरू केली. तिच्या घरघरीत पुढचं कोणाचंच काही ऐकू आलं नाही.

मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. बोललो ते बोललो, पण त्यानंतर जे सुरू झालं ते थांबवणं माझ्या हातात होतं. काकांनी त्याला 'सौदी' म्हणायला सुरुवात केली. काका मनाचे वाईट नाहीत, त्यांना चेष्टेला नवं खेळणं मिळालं होतं, आणि ते मी दिलं होतं. सौदी पुढची मॅच हरली तेव्हा ते गंभीर तोंड करून त्याचं सांत्वन करायला आले. तो म्हणाला, "काय करता काका, नशीब." सगळे हसले, मीही हसलो. हसलो नसतो तर मी आधी काय बोललो ते सगळ्यांना आठवलं असतं, अशी मला भीती वाटली.

अर्जेंटिनाची पुढची मॅच मध्यरात्रीनंतरची, ज्यानं त्यानं आपापल्या घरी पाहायची. ती आम्ही जिंकलो. सकाळी शटर उघडल्या उघडल्या मी रस्ता ओलांडून गेलो, दुसऱ्या गोलवर बोलायला. तो दाभणानं गादीला टाके घालत होता. "पाह्यली नाई भाऊ," तो म्हणाला. "डोळा लागला."

चाळीस वर्षांत त्यानं मला कधी भाऊ म्हटलं नव्हतं. आणि अर्जेंटिनाच्या मॅचला त्याचा डोळा लागणं शक्यच नव्हतं. पत्र्याला लावलेला पट्ट्यांचा झेंडाही काढलेला दिसला. मी रस्ता ओलांडून माझ्या दुकानात परत आलो.

मग मोरोक्को जिंकायला लागलं. त्यांच्याकडून स्पेन हरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आणि मोबाईलवाला दुकानात त्याला हार घालायचेच बाकी होते. "सौदी गेला, मोरोक्को आला! पार्टी पाहिजे!" मी बाकावर होतो. हो, तोवर मी बाकावर बसायला लागलो होतो. तो मशीनपाशी काम काढून बसायचा आणि थप्पीवर एकट्यानं बसायला मला कसंतरी व्हायचं. मला वाटलं आता तो भडकेल. भडकावा, अशी माझी इच्छा होती. तो शांतपणे उठला, हॉटेलात गेला आणि सगळ्यांसाठी चहा आणि गरम जिलेबी घेऊन आला. प्रत्येकाच्या हातात कागदावर जिलेबी दिली. "घ्या, आपलेवाले जितले," असं हसून म्हणाला. मला दिली तेव्हाही तेच म्हणाला.

मी ती जिलेबी खाल्ली. आम्ही त्याला एक जागा नेमून दिली होती आणि तो गुपचूप तिथं जाऊन बसला होता. कारण नाही म्हटलं असतं तर चेष्टेचा वाद झाला असता, आणि त्या वादात काय काय निघालं असतं हे आमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. हे मला जिलेबीचा दुसरा घास घेताना कळलं. कळूनही मी ती संपवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं पाहून मी ठरवून गेलो. माफी मागायची, सरळ. वाक्यसुद्धा मनात तयार होतं. मी दारात उभा राहिलो. तो कात्री बाजूला ठेवून उठला, गळ्यातली टेप काढली आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "बोला भाऊ. किती बाय किती?"

माझं तोंड उघडलं आणि शब्द निघाले, "चार बाय सहा."

"कापड?"

"पट्ट्याचं दे," मी म्हणालो. मला वाटलं, एवढ्यानं त्याला समजेल.

"ते संपलं," तो म्हणाला. त्याच्या मागच्या फळीवर निळ्या पट्ट्यांचा तागा सरळ दिसत होता. "लाल हाये. टिकाऊ हाये." मी लाल म्हणालो. माझ्या घरातली ती पहिली लाल गादी, डाग पडल्यासारखी. डाग गादीचा नव्हे, माझा.

फायनल रविवारी आली. अर्जेंटिना आणि फ्रान्स. संध्याकाळी तो किल्ली घेऊन माझ्याकडे आला. "दुकान तुम्ही उघडा. मले देऊळगाव राजाले लग्नाच्या गाद्या पोचवाच्या हायेत." मी म्हणालो, उद्या पोचव, फायनल आहे. तो म्हणाला, "धंदा पाहाव लागते भाऊ." टेम्पो भरून उभा होता. तो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला आणि गेला.

आम्ही त्याच्या दुकानात, त्याच्या टीव्हीवर, त्याच्या गाद्यांवर बसून फायनल पाहिली. त्याची जागा आधी कोणी घेतली नाही. मग गर्दी वाढली आणि मोबाईलवाला तिथं बसला. दोन गोलची आघाडी, मग फ्रान्सनं ती फेडली, मग पुन्हा आघाडी, पुन्हा बरोबरी. काका ब्राझील विसरून फ्रान्ससाठी घसा फोडत होते. शेवटी पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली तेव्हा पोरांनी कोपऱ्यातल्या ढिगातली रुई मुठीमुठीनं वर उडवली. सगळीकडे पांढरं पांढरं. मी मिठी मारायला वळलो तर समोर कंडक्टर काका होते. मी त्यांना मिठी मारली. जिंकल्याचा आनंद असतो तो झाला, पण तो कोणाला सांगावा, हे समजेना. पोरं गेल्यावर मी जमिनीवरची रुई गोळा करत बसलो. धूळ लागलेली रुई त्याच्या काही कामाची नव्हती, तरी गोळा केली.

सकाळी पेढे घेऊन गेलो. तो मशीनच्या पट्ट्याला तेल देत होता. हात पुसून त्यानं एक पेढा घेतला, कपाळाला लावला, खाल्ला. मग माझा हात हातात घेऊन तो म्हणाला, "मुबारक हो भाऊ. तुमची टीम जितली."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. अगदी चांगल्या मनानं, शेजाऱ्याच्या घरी मुलगा झाल्यावर म्हणावं तसं तो म्हणाला. माझा हात त्याच्या तेलकट हातात होता आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटला. मी पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवला आणि उशांची एक जोडी सांगून आलो.

मला तेव्हा खरंच वाटलं, की त्यानं अर्जेंटिना सोडली. पोरपणापासूनचं प्रेम माझ्या एका वाक्यानं गेलं, या विचारानं माझं मन मला खात होतं. पण त्यातही थोडी सुटका होती. गेलं ते गेलं. मग काही दिवसांनी फायनलच्या रात्रीचा तो टेम्पोवाला हरभऱ्यावरच्या अळीचं औषध घ्यायला माझ्या दुकानात आला. बिल करता करता तो हसत म्हणाला, "भाऊ, तुमचे दोस्त त पागल माणूस हायेत. त्या रातच्याले मले रस्त्याच्या कडेले गाडी लावाले सांगतली. गाद्यायवर चढून बसले, मोबाईल पाहत. मी म्हनलं थंडी वाजन, खाली या. त ऐकतच नाई. पेनल्टी झाल्यावर असे रडले, असे रडले, मले वाटलं घरून काही वाईट फोन आला. गळ्यात काय त गादीच्या कापडाचा तुकडा होता, त्यात तोंड खुपसून."

मी औषधाची बाटली त्याच्या हातात दिली. तो आणखी काहीतरी बोलत होता.

म्हणजे त्यानं काहीच सोडलं नव्हतं. फक्त आमच्यासमोर ठेवणं बंद केलं होतं. आपल्याच दुकानाची किल्ली आम्हाला देऊन तो थंडीत रस्त्याच्या कडेला, दुसऱ्याच्या लग्नाच्या गाद्यांवर बसून जिंकला होता, एकटा. आणि सकाळी मला येऊन म्हणाला नव्हता, की आपण जिंकलो बे. माझ्या पेढ्याला हात लावून त्यानं माझं अभिनंदन केलं होतं.

तेव्हापासून मी किती वेळा रस्ता ओलांडला असेल. दर वेळी वाक्य तयार असतं. दर वेळी तो उठतो, टेप काढतो, किती बाय किती. दिवाणाची गादी, पाळण्याची गादी (घरात पाळणा नाही), लोड, तक्के, पाहुण्यांसाठी पातळ गाद्या. बायको म्हणते, आता त्या माझ्या डोक्यावर ठेवा.

यंदा पुन्हा वर्ल्डकप आला. मॅचा अमेरिकेकडच्या, आपल्या इथं आडवेळी, काही तर पहाटे. त्यानं दुकानात टीव्ही आणलेला नाही. काका म्हातारे झालेत, काठी टेकत येतात आणि विचारतात, "काऊन रे, यंदा भांडन नाई का?" तो म्हणतो, "वेळ नाई काका, मशीन जुनी झाली." काका बिचारे बाकावर एकटेच ब्राझीलचं कौतुक करत बसतात.

पेरणीचे दिवस, माझ्याकडे बियाण्याला गर्दी. एका दुपारी गर्दी ओसरली आणि मी गेलो. काका नव्हते. मशीन बंद होती. तो खाली बसून एका जुन्या गादीचे टाके उसवत होता. मला पाहून तो उठला, पण या वेळी टेपेला हात लावला नाही. दारात उभा राहून माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "घरी जागा तरी हाये का बे आता?"

बे म्हणाला तो. इतक्या वर्षांनी. आणि थांबला. मी गाद्या कशासाठी घेतो हे त्याला कधीपासून माहीत होतं कोण जाणे, बहुतेक पहिल्या गादीपासूनच. त्यानं दार उघडून ठेवलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत तो थांबला. त्याच्या मागं फळीवर निळ्या पट्ट्यांचा तागा तसाच होता, कडेला धूळ बसलेला.

"चार बाय सहा," मी म्हणालो.

त्यानं कानावरची पेन्सिल काढली.

"कापड कोन्तं, भाऊ?"

"लाल," मी म्हणालो.